उसनी कुऱ्हाड

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून एक नवी ओढ दिसूं लागली आहे. शहरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर थोडी जमीन घ्यावी, विजेच्या तारेवर व नळाच्या पाण्यावर अवलंबून राहूं नये, भाजी आपण लावावी, पाव आपण भाजावा, जमल्यास भिंतही आपणच लिंपावी, असें अनेक नोकरदार तरुण बोलतात व त्यांतील कांहीं तें करूनही पाहतात. या हौसेची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती पुष्कळांनीं केलीही आहे. आमचा तो उद्देश नाहीं. आम्हांला येथें पाहावयाचें आहे तें या ओढीमागें उभें असलेलें वाङ्मय. कारण हे तरुण सुताराकडे किंवा कुंभाराकडे जाण्यापूर्वीं बहुधा एखाद्या ग्रंथाकडे जातात. हातानें करावयाची विद्या शब्दांतून सांगूं पाहणारे हे ग्रंथ ग्रंथ म्हणून कितपत प्रामाणिक आहेत, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्याजोगा आहे.

या परंपरेचा मूळपुरुष कोण, असें विचारल्यास कोणी रॉबिन्सन क्रूसोचें नांव घेईल. डॅनियल डीफोची ती कादंबरी १७१९ मधील. ओबडधोबड मडकीं घडवितां घडवितां विस्तवांत पडलेलें एक खापर दगडासारखें कठीण झालेलें क्रूसो पाहतो आणि त्याला भाजणीचें मर्म कळतें, तो प्रसंग मुलांना वाचून दाखवावा असा आहे. परंतु क्रूसो बेटावर अडकला होता. तेथें राहावें कीं न राहावें हा प्रश्नच त्याच्यापुढें नव्हता. शेजारीं गांव असतांना स्वेच्छेनें आपल्या हातांवर जगून पाहणारा आणि तें लिहून ठेवणारा लेखक म्हणून हेन्री डेव्हिड थोरो याच्यापासूनच आरंभ करणें आम्हांस योग्य वाटतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत काँकर्ड नांवाचें गांव आहे. तेथून सुमारें दीड मैलावर वॉल्डन नांवाचें तळें आहे. १८४५ च्या मार्चअखेरीस थोरो एक कुऱ्हाड घेऊन तेथील रानांत शिरला, ४ जुलै रोजीं स्वतः बांधलेल्या घरांत राहावयास गेला, आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजीं तेथून निघाला. ‘वॉल्डन’ हा त्याचा ग्रंथ १८५४ मध्यें प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांस तो दुर्गाबाई भागवतांनीं केलेल्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या भाषांतरामुळें परिचित आहे.

या ग्रंथाची थोरवी सांगतांना त्यांतील निसर्गवर्णनें व तत्त्वचिंतन यांचाच गौरव करण्याची चाल पडली आहे. आम्हांला त्यांतील जमाखर्च अधिक मोलाचा वाटतो. घर दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब. त्याचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यांत जुन्या एक हजार विटांचे ४ डॉलर, आणि कांचेसह दोन जुन्या खिडक्यांचे २ डॉलर ४३ सेंट. पहिल्या वर्षीं सुमारें अडीच एकर रेताड जमिनींत मुख्यतः घेवडा लावला. शेतीचें उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट, शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्धा सेंटसुद्धां न सोडणारा हा हिशेब पुष्कळजण विनोद म्हणून वाचतात, आणि खुद्द थोरोलाही त्यांत थोडी गंमत वाटली असलीच पाहिजे. तथापि ‘साधी राहणी’ हे शब्द उच्चारणाऱ्या शेंकडों लेखकांपैकीं किती जणांनीं त्या राहणीची किंमत आंकड्यांत मांडून दाखविली?

हात कसा तयार होतो याचें वर्णनही त्यानें थोडक्यांत पण खरें केलें आहे. भिंतींना आंतून गिलाव्यासाठीं पट्ट्या ठोकतांना प्रत्येक खिळा हातोड्याच्या एका घावासरशी बसला पाहिजे. तें साधल्याचा आनंद तो सांगतो, आणि लागलीच गांवांतील एका ऐटबाज गृहस्थाची आठवण काढतो. हा गृहस्थ उंची कपडे घालून कामकऱ्यांना उपदेश करीत हिंडे. एके दिवशीं त्यानें बाह्या सारून थापी हातांत घेतली, आणि सारा चुना आपल्याच झालरीच्या सदऱ्यावर पाडून घेतला. पावाची कथाही अशीच आहे. घर बांधतांना उरलेल्या लांकडाच्या तुकड्यावर, उघड्या विस्तवासमोर भाजलेल्या त्याच्या पहिल्या भाकरींना धुराचा व पाइनच्या लांकडाचा वास येई. पुढें तो गांवांतून आंबवण आणून पाव करूं लागला. एके सकाळीं तें आंबवण चुकून पोळलें, आणि त्यावांचूनही आपलें भागतें हें त्याला उमगलें. पाकशास्त्राच्या पुस्तकांत असलें ज्ञान येत नाहीं, कारण तीं पुस्तकें चुका गाळूनच लिहिलेलीं असतात.

परंतु ज्या ग्रंथानें अर्ध्या सेंटाचा हिशेब दिला, त्यानें कोणत्या रकमा वहींत धरल्या नाहींत हेंही पाहणें प्राप्त आहे. पहिलीच वस्तु घ्या. ती कुऱ्हाड थोरोची नव्हती, उसनी होती. हें तो लपवीत नाहीं. उलट परत करतांना ती घेतली त्याहून अधिक धारदार करून दिली असें अभिमानानें सांगतो. मात्र ती कोणाची होती हें सांगत नाहीं. जमीन त्याचा वडीलधारा मित्र राल्फ वॉल्डो एमर्सन याची होती. तेंही ग्रंथांत उघड येत नाहीं. घराचा सांगाडा उभा करावयास स्नेही आले होते, त्यांची बोळवण चार शब्दांत होते. धुणें व कपड्यांची दुरुस्ती बहुतेक बाहेरच होई आणि त्याचें बिल अद्याप आलेलें नाहीं, असें तो हिशेबांतच नमूद करतो. या ओळीशीं आम्ही नेहमीं थांबतों. ज्या कोणाच्या हातांनीं ते कपडे धुतले व सांधले, त्यांचें बिल वाङ्मयाच्या इतिहासांत आजतागायत आलेलें नाहीं.

शिवाय थोरो तळ्याकांठीं गेला तेव्हां तो नवशिका नव्हता. बापाच्या शिसपेन्सिलींच्या धंद्यांत त्याचा हात तयार झाला होता. १८४१ पासून सुमारें दोन वर्षें एमर्सनच्या घरीं राहून त्यानें बागकामापासून किरकोळ सुतारकामापर्यंत पडेल तें केलें होतें. वॉल्डनकाठीं जो कुशल हात आपणांस दिसतो, तो इतरांच्या घरांत शिकून आलेला आहे. ग्रंथ मिटतांना वाचकाची समजूत मात्र अशी होते कीं, एकांतांत गेलें म्हणजे हात आपोआप जागे होतात. आमच्या तरुण मित्रांची जी फसगत होते ती येथेंच.

आणखी दोन स्थळें आम्हांला टोंचतात. घराच्या फळ्या जेम्स कॉलिन्स नांवाच्या आयरिश मजुराच्या झोपडीच्या होत्या. हा मजूर फिचबर्गच्या लोहमार्गावर काम करी. थोरोनें ती झोपडी ४ डॉलर २५ सेंटांस विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां ती रिकामी व्हावी असें ठरलें. सहा वाजतां तें कुटुंब त्याला वाटेंत भेटलें. एका मोठ्या गांठोड्यांत त्यांचा सारा संसार होता: अंथरूण, कॉफी दळण्याचें यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढें मागें राहिलें, तें रानटी झालें आणि पुढें सापळ्यांत सांपडून मेलें. सौदा राजीखुषीचा होता, हें खरें. आणि थोरो हें सारें लिहितो म्हणून आम्ही त्याला प्रामाणिकच म्हणूं. पण लिहितांना त्याचा सूर मिस्किल आहे. दुसरें स्थळ जॉन फील्डचें. हाही आयरिश, बायकामुलांचा धनी, एकरास दहा डॉलर या दरानें दुसऱ्याची दलदलीची जमीन कुदळीनें उलथणारा. पावसांत त्याच्या घरीं आसरा घेतलेला थोरो त्याला उपदेश करतो कीं, चहा, कॉफी, लोणी, मांस सोडून दे, म्हणजे इतकें राबावें लागणार नाहीं. फील्ड सुस्कारा टाकतो. त्याची बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहते. पदवीधर पाहुण्यानें रोजंदाराला काटकसर शिकवावी, आणि तीही त्याच्याच गळक्या छपराखालीं बसून! त्या बाईच्या दृष्टींत काय होतें हें थोरोनें ओळखलें नाहीं. ओळखलें असतें तर ‘वॉल्डन’ याहूनही मोठा ग्रंथ झाला असता.

आणि तरीसुद्धां ज्याच्या जोरावर आम्ही या ग्रंथाला पुन्हां जवळ करतों तें प्रकरणही यांतच आहे. आपल्या आधीं त्या रानांत कोण राहत होतें, याची आठवण थोरोनें आस्थेनें जतन केली आहे. त्यांत झिल्फा नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री येते. घेवड्याच्या शेताच्या कोपऱ्याशीं तिचें लहानसें घर होतें. ती गांवकऱ्यांसाठीं तागाचें सूत कातून पोट भरी. १८१२ च्या युद्धाच्या वेळीं, ती बाहेर गेली असतां, वचनावर मोकळ्या सोडलेल्या इंग्रज कैद्यांनीं तिच्या घराला आग लावली. मांजर, कुत्रा, कोंबड्या सारेंच जळालें. तेंच रान, तेंच एकाकीपण, तेंच हातावरचें पोट. झिल्फाच्या जगण्याला प्रयोग असें कोणी म्हटलें नाहीं. तिला परत जावयास दीड मैलावर एमर्सनचें घर नव्हतें.

थोरोच्या नंतर या वाङ्मयानें हळूहळू आपलें रूप पालटलें. आत्मकथनाची मार्गदर्शिका झाली. त्या रूपाचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे जॉन सीमोर या इंग्रज लेखकाचें १९७६ मध्यें निघालेलें स्वयंपूर्णतेचें समग्र पुस्तक. एक एकर जमीन असेल तर निम्मी गवताला ठेवून उरलेल्या निम्मीचे चार तुकडे कसे पाडावे, त्यांत पिकें कशीं फिरवावीं, एक गाय कशी सांभाळावी, येथपासून लोणी, टोपल्या, मडकीं, पवनचक्की येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत सचित्र आहे. पुस्तक उपयुक्त आहे, भाषा खेळकर आहे. परंतु तें वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतील चित्रांत काम कधीं बिघडत नाहीं. लोणी नेहमीं जमतें, कुडाचें विणकाम नेहमीं सरळ जातें. गाय दोन वेळ, वर्षाचे ३६५ दिवस पिळावी लागते आणि म्हणून घरांतील कोणीतरी एकजण गांवाला जाऊं शकत नाहीं, ही गोष्ट चित्रांत दाखवितां येत नाहीं. याच लेखकाचें १९६१ मधील ‘द फॅट ऑफ द लँड’ हें पुस्तक आम्हांला कितीतरी अधिक आवडतें. सफोक परगण्यांतील पांच एकरांवर तो व त्याची पत्नी सॅली हीं कशीं शिकत गेलीं त्याची ती हकीगत आहे, आणि चित्रें सॅलीचींच आहेत. समग्र पुस्तकांत माहिती शंभरपट वाढली आणि माणसें नाहींशीं झालीं.

त्या समग्र पुस्तकाला प्रस्तावना ई. एफ. शूमाकर यांची आहे, हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, या अर्थशास्त्रज्ञानें आपल्या विचारांत वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगांचें कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांचा आधार घेतला होता. म्हणजे परदेशी म्हणून आपण जें विकत घेतों त्याचा एक धागा आपल्याच अंगणांतून गेलेला आहे. तो धागा धरून मागें गेलें तर आपण गांधीजींच्या आत्मचरित्राशीं पोंचतों, आणि त्यांतील चरख्याविषयींचीं प्रकरणें या दृष्टीनें वाचलीं पाहिजेत. तीं धर्मश्रद्धेनें वाचलीं जातात, साहित्य म्हणून क्वचितच.

या प्रकरणांत गांधीजी प्रथम सांगतात तें हें कीं, ‘हिंद स्वराज’मध्यें आपण हातमागाचा वा चरख्याचा पुरस्कार केला तेव्हां ती वस्तु आपण पाहिलेली नव्हती, १९१५ मध्यें हिंदुस्थानांत परत आल्यावरही चरखा दृष्टीस पडलेला नव्हता. आश्रमांत माग आले, पण आश्रमवासी सारे एकतर बुद्धिजीवी पेशाचे किंवा व्यापारी. कारागीर एकही नाहीं. विणकाम शिकवावयास पालनपूरहून एक मनुष्य आणला, पण त्यानें आपली सगळी विद्या कांहीं दिली नाहीं. मगनलाल गांधींनीं चिकाटीनें ती हस्तगत केली. मग १९१७ मध्यें भडोचच्या शिक्षणपरिषदेंत गंगाबेन मजमुदार भेटल्या, आणि त्यांनीं पुष्कळ भटकून अखेर बडोदें संस्थानांतील विजापुरास चरखा शोधून काढला. तेथें घरोघर चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. पेळू मिळाले तर कांतावयास बायका तयार होत्या. थोरोच्या ग्रंथांत जें गाळलें जातें तें येथें नांवनिशीवार आलें आहे: कोणी आणलें, कोणी शिकविलें, कोणी शिकविलें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील टॉल्स्टॉय फार्मची जमीन कॅलनबाख यांनीं बिनभाड्यानें दिली, त्यांनींच ट्रॅपिस्ट मठांत जाऊन चपला करणें शिकून घेतलें व मग इतरांना शिकविलें, हेंही गांधीजी असेंच लिहून ठेवतात. उसनी कुऱ्हाड येथेंही आहे. पण मालकाचें नांव तिच्याबरोबर आहे.

मात्र पालनपूरच्या त्या विणकऱ्याविषयीं आम्हांला एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्यानें सगळी विद्या दिली नाहीं, हें आत्मचरित्रांत एका अडचणीसारखें येतें. त्यानें ती कां द्यावी? ज्याच्याजवळ शेत नाहीं, पदवी नाहीं, त्याच्या मुलांचा भाकरतुकडा त्या बोटांतल्या खुबीवर अवलंबून असतो. ती खुबी उत्साही सुशिक्षितांच्या स्वाधीन करून तो काय मिळविणार होता? या प्रश्नाकडे आत्मचरित्र वळत नाहीं. आणि हा प्रश्न महाराष्ट्रांतील वाचकाला तर टाळतां येण्यासारखा नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गांवगाडा’ या पुस्तकांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग यांच्या कामांचें, हक्कांचें व कटकटींचें जें बारीक वर्णन आहे तें पाहिलें म्हणजे कळतें कीं, आज ज्यांना आपण स्वयंपूर्ण जीवनाचीं कौशल्यें म्हणून शिबिरांत फी भरून शिकतों तीं आपल्या गांवांत होतींच. पण तीं जातीनें वांटलेलीं होतीं, आणि ज्यांच्या हातांत होतीं त्यांना तीं सोडण्याची मोकळीक नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं खेडेगांवाविषयीं जें कठोर मत मांडलें, त्याच्यामागें हा अनुभव होता. ज्याच्या आजोबांना कातडें कमावणें भाग होतें, त्याला कातडें कमावणें सोडणें हीच मुक्ति वाटली असेल, आणि ती यथार्थच होती.

म्हणून १९३७ मध्यें वर्ध्यास नई तालीमची कल्पना मांडली गेली तेव्हां ती वाटते त्याहून अवघड जागेवर बोट ठेवीत होती. सर्व जातींच्या मुलांनीं एकाच शाळेंत, एकाच चरख्यावर वा एकाच रंध्यावर हात बसवावा, आणि त्यांतूनच गणित व भूगोल शिकावा, असें तिचें म्हणणें होतें. पांढरपेशा पालकांनीं ती दुसऱ्यांच्या मुलांसाठीं उत्तम मानली. पुढें १९८३ पासून पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम चालविला, आणि हातानें काम करीत शिकण्याचा धागा पुन्हां उचलला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

या सर्व वाङ्मयांत आमच्या मतें सर्वांत सरस पुस्तक कोणतें, हें आतां सांगितलें पाहिजे. तें कोणा एका प्रतिभावंताचें नाहीं. जॉर्जिया संस्थानाच्या ईशान्येस ॲपलेशियन डोंगरांत रेबन गॅप येथें एक शाळा आहे. तेथील मुलांनीं १९६६ मध्यें एक नियतकालिक काढण्याचें ठरविलें व आपल्याच परिसरांतील म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्यांचें बोलणें ध्वनियंत्रावर टिपून आणण्यास सुरुवात केली. कुजक्या लांकडावर रात्रीं चमकणाऱ्या बुरशीवरून त्याला ‘फॉक्सफायर’ असें नांव दिलें. त्यांतून निवडलेल्या मजकुराचें पहिलें पुस्तक १९७२ मध्यें निघालें. ओंडक्यांचें घर कसें रचावें, डुक्कर कसें सोलावें, चंद्रकलेच्या व राशींच्या मानानें पेरणी कशी करावी, चोरटी दारू कशी गाळावी, सगळें त्यांत आहे. आणि प्रत्येक गोष्ट कोणी सांगितली तें आहे, त्याच्याच बोलीभाषेंत. घरगुती औषधांच्या प्रकरणांत एकाच विकारावरचे अनेकांचे उपाय एकाखालीं एक छापले आहेत. त्यांतले कांहीं कोणीही करून पाहूं नयेत असे आहेत, हा इशारा आम्ही देऊन ठेवतों. मार्गदर्शिका म्हणून पाहिलें तर सीमोरच्या पुस्तकापुढें तें गबाळें दिसेल. जुन्या दिवसांचें कौतुक त्यांत गरजेपेक्षां जास्त आहे, आणि त्या डोंगरांतील दारिद्र्याकडे मुलांनीं तितकें निरखून पाहिलेलें नाहीं.

परंतु त्यांतील आंट एरी नांवाच्या वृद्धेचें प्रकरण वाचावें. जुन्या ओंडक्यांच्या घरांत ती एकटी राहत असे, पाणी विहिरीचें. मुलें तिच्या घरीं पोंचलीं तेव्हां ती डुकराच्या मुंडक्यांतील डोळे काढण्याच्या खटपटींत होती. आमच्या शाकाहारी वाचकांनीं हें पान ओलांडावें असें आम्ही म्हणणार नाहीं. ती बोलत राहते, मुंडकें निसटत राहतें, आणि बोलतां बोलतां मुलांचेही हात त्या कामाला लागतात. ती कृति त्या पानांवरून आम्हांला करतां येईल असें मुळींच वाटत नाहीं. पण कोण शिकवीत आहे, कोण शिकत आहे, कोणाच्या घरांत, कोणाच्या सुरीनें, हें त्यांत दिसतें.

असें पुस्तक मराठींत एखाद्या माध्यमिक शाळेच्या मुलांनीं करावयास घेतलें, तर आम्ही या पृष्ठांतून त्याचें आनंदानें परीक्षण करूं. कोंकणांतील लांकडी होड्या बांधणारे, कोल्हापुरी वहाणांचे कारागीर, घोंगडी विणणारे धनगर यांच्याकडे मुलांनीं जावें. वही घेऊन जावें, ध्वनियंत्र घेऊन जावें, आणि ज्या दिवशीं कारागीर काम बाजूला ठेवून त्यांच्याशीं बोलेल त्या दिवसाची त्याची मजुरी बरोबर न्यावी.